सिम कुणाच्या नावावर?

जानेवारी २०१८ च्या अखेरीस ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने काही खासगी गुप्तहेरांना ताब्यात घेतलं, तेव्हा ती बातमी आतल्या पानावरची होती. लोकांच्या मोबाईलचे सीडीआर, म्हणजे कुणी कुणाला केव्हा आणि किती वेळ फोन केला याचे तक्ते, पैसे घेऊन विकले जात असल्याचा आरोप होता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रजनी पंडित यांना अटक झाली आणि बातमी पहिल्या पानावर आली. देशातल्या पहिल्या महिला गुप्तहेर म्हणून त्यांच्या मुलाखती मराठी वाचकांनी वर्षानुवर्षं वाचल्या होत्या. पुढे त्यांना जामीन मिळाला. मार्चमध्ये एका नामवंत अभिनेत्याच्या वकिलालाही अटक झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने अटकेच्या पद्धतीवर आक्षेप घेत त्यांना सोडायला लावलं. आरोपांचं जे व्हायचं ते न्यायालयात होईल. सामान्य वाचकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट वेगळीच आहे. तपासाचा धागा मागे मागे जात यवतमाळ पोलिसांतल्या एका शिपायापर्यंत पोचला होता. कंपनीचा सर्व्हर फोडणारा कुणी संगणकातला जादूगार या गोष्टीत नव्हता. ज्याला माहिती मागण्याचा रस्ता ठाऊक होता, त्याने ती मागितली आणि ती मिळाली, असंच पोलिसांचं म्हणणं होतं.

दिल्लीत पाच वर्षं आधी हेच घडलं होतं. राज्यसभेतले तेव्हाचे विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांचे कॉल तपशील मिळवल्याप्रकरणी फेब्रुवारी २०१३ मध्ये दिल्ली पोलिसांनी आपल्याच खात्यातल्या शिपायाला पकडलं. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या अधिकृत ईमेलवरून कंपनीकडे मागणी गेली होती. विरोधी पक्षनेत्याचा तक्ता एका ईमेलवर बाहेर पडू शकतो, तर नाशिकच्या सिडकोतल्या किंवा सातपूरमधल्या माणसाचं काय, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

सीडीआरमध्ये बोलणं नसतं. त्यामुळे ‘लपवण्यासारखं काय आहे त्यात’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. तक्त्यात असतात ते दोन्हीकडचे क्रमांक, तारीख, वेळ, कॉलचा कालावधी, एसएमएस आल्या-गेल्याची नोंद, हँडसेटचा आयएमईआय क्रमांक आणि फोन त्या वेळी कोणत्या टॉवरच्या कक्षेत होता त्याची खूण. समजा, नाशिकमधल्या एका बाईंच्या तक्त्यात सोमवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या एका सोनोग्राफी सेंटरला दोन मिनिटांचा फोन आहे. दुपारी त्याच परिसरातला टॉवर. संध्याकाळी सिन्नरच्या बहिणीला चाळीस मिनिटं. मंगळवारी एका वकिलाला फोन, आणि बुधवारी दुपारी टॉवर जिल्हा न्यायालयाच्या आसपासचा. एकही शब्द न ऐकता वाचणाऱ्याने गोष्ट रचलेली असते. ती खरी असेलच असं नाही, आणि धोका तिथेच आहे, कारण तक्ता विकत घेणारा माणूस बहुधा आधीच संशय घेऊन बसलेला असतो.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ८२३ स्वयंसेवकांच्या फोनमधून फक्त अशा नोंदी गोळा केल्या आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोणाला हृदयाच्या ठोक्यांचा विकार आहे, कोणाकडे विशिष्ट प्रकारची रायफल आहे, इथपर्यंत त्यांना केवळ क्रमांक आणि वेळा पाहून पोचता आलं. बोलणं ऐकायला माणूस बसवावा लागतो. तक्ता संगणक वाचतो आणि हजारो माणसांचा एका वेळी वाचतो.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. मोबाईल कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षं जपून ठेवाव्या लागतात. डिसेंबर २०२१ पर्यंत ही मुदत एक वर्षाची होती. तपासासाठी पोलिस आणि न्यायालय त्या मागू शकतात. त्यासाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचा आधार होता, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचा आहे. जेटली प्रकरणानंतर केंद्रीय गृह मंत्रालयाने सांगितलं की, ही मागणी पोलिस अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच जावी. बोलणं चोरून ऐकण्याचे, म्हणजे टॅपिंगचे नियम निराळे आणि अधिक कडक आहेत, त्याला गृह सचिवाच्या पातळीवरचा आदेश लागतो. सीडीआरला तेवढं कुंपण नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने मात्र एक गोष्ट स्पष्ट केली. कंपनीकडच्या माहितीत अनधिकृत शिरकाव करणं किंवा ती इकडची तिकडे करणं हा गुन्हा आहे, त्या माहितीत कॉलच्या नोंदी नाव घेऊन मोडतात, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम जून २०२४ पासून लागू आहे. म्हणजे ‘सीडीआर काढून देतो’ म्हणणारा जितका अडकतो, तितकाच तो काढून घेणाराही अडकू शकतो.

हे सगळं झालं दूरच्या चोराबद्दल. नाशिकच्या घराघरांतला प्रश्न बराच जवळचा आहे.

निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातल्या कुठल्याही गावात जाऊन विचारावं, की तुमच्या हातातलं सिम कुणाच्या नावावर आहे? बायकांकडून उत्तरं येतात ती अशी: मालकांच्या, दादाच्या, सासऱ्यांच्या. कॉलेजला नाशिकला आलेल्या मुलीचं सिम वडिलांच्या नावावर असतं, म्हाताऱ्या आईचं मुलाच्या नावावर, आणि द्राक्षबागेतल्या मजुराचं कधी कधी बागाईतदाराच्या नावावर. घेताना त्यात कुणाचा डाव नसतो. ज्याचं आधार कार्ड खिशात होतं त्याच्या नावावर सिम निघालं, इतकंच. पण कंपनीच्या लेखी ग्राहक तोच. फोन दहा वर्षं सुनेच्या हातात असला तरी तपशीलवार बिल मागण्याचा हक्क सासऱ्यांचा, डुप्लिकेट सिम काढण्याचा हक्क सासऱ्यांचा, क्रमांक बंद करण्याचा हक्कही त्यांचाच. तक्ता चोरण्याची गरजच नाही. गॅलरीत जाऊन ओळखपत्र दाखवलं की काम झालं, आणि त्यात बेकायदा काहीच नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रीपेड ग्राहकालाही आपल्या वापराचा तपशील मागता येतो. मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा, आणि शुल्क ५० रुपयांहून जास्त नाही. नियम ग्राहकाच्या हिताचा आहे, उगाच बॅलन्स कापला गेला तर पुरावा मिळावा म्हणून केलेला. पण ग्राहक कोण, या प्रश्नाचं उत्तर चुकलं की तोच नियम उलटा फिरतो.

म्हणून फोनच्या गोपनीयतेचं पहिलं काम पासवर्डचं नाही, नावाचं आहे. जो क्रमांक रोज वापरात आहे तो स्वतःच्या नावावर करून घ्यावा. कंपनीच्या गॅलरीत मूळ ग्राहकाची संमती, दोघांची ओळखपत्रं आणि नवी केवायसी एवढ्यावर नाव बदलतं. क्रमांक तोच राहतो. मूळ ग्राहक वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं लागतात. नाशिकमध्ये अनेक घरांत वडील जाऊन पाच वर्षं झाली तरी आईचा फोन त्यांच्याच नावावर चालू असतो, आणि त्याच क्रमांकाला बँकेचं खातं जोडलेलं असतं. हे काम फार पुढे ढकलू नये.

संमती मिळणार नसेल, किंवा ती मागणंच घरात वादाला निमित्त ठरणार असेल, तर घाई करू नये. आपल्या नावावर दुसरं सिम घ्यावं आणि बँक, गॅस, आधार, मुलांची शाळा यांच्याकडे नवा क्रमांक एकेक करून नोंदवावा. जुना क्रमांक मध्येच मरू देऊ नये. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, आणि त्याच्यावर तुमचे ओटीपी जाऊ लागले तर तो नवा माणूस निर्दोष असूनही तुमची अडचण होते.

अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या, औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या किंवा सरकारी खात्यांतल्या मंडळींसाठी याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. ऑफिसने दिलेल्या सिमचं बिल ऑफिसकडे जातं. कोणत्या क्रमांकावर किती वाजता फोन झाला हे लेखा विभागातला कुणीही पाहू शकतो, आणि त्यांना ते पाहण्याचा अधिकार आहे. डॉक्टर, वकील, नवी नोकरी देणारा, युनियनचा माणूस, यांच्याशी बोलायला स्वतःचा क्रमांक वापरावा. ड्युअल सिमच्या फोनमध्ये एक खाच आहे. कॉल लावताना फोन कोणतं सिम निवडतो हे सेटिंग एकदा तपासून घ्यावं, कारण बरेच फोन पहिल्या खोबणीतलंच सिम गृहीत धरतात, आणि पहिल्या खोबणीत बहुधा ऑफिसचं बसलेलं असतं.

नाव आपलंच असलं तरी दोन गोष्टी राहतात, आणि त्या पाहायला एम. जी. रोडवरच्या मोबाईल दुकानाच्या काउंटरपाशी पाच मिनिटं उभं राहिलं तरी पुरे. नवा फोन घेतलेले काका काउंटरवर टेकून उभे आहेत. दुकानातला मुलगा झरझर बोटं फिरवतो आहे. ‘काका, जीमेल आहे का? नाही? थांबा, बनवून देतो.’ आयडी तयार होतो, पासवर्ड म्हणजे काकांचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तो फोनच्या खोक्यावर बॉलपेनने लिहिला जातो. रिकव्हरीसाठी क्रमांक विचारला जातो तेव्हा नवं सिम अजून चालू झालेलं नसतं, म्हणून मुलगा स्वतःचा टाकतो. सिमच्या अर्जावर पर्यायी क्रमांकाच्या रकान्यातही तोच. मुलाच्या मनात काही वाईट नाही, मागे रांग आहे. काका खोकं पिशवीत घालून खूश होऊन घरी जातात.

आता अँड्रॉइड फोनचा बॅकअप या जीमेलच्या खात्यात जातो आणि त्यात कॉलची यादीही असते. ज्याच्याकडे खात्याचा पासवर्ड किंवा रिकव्हरी क्रमांक आहे, त्याला दुसऱ्या फोनवर ती यादी उतरवता येऊ शकते. सिमची मालकी पडताळताना कंपनी कधी कधी पर्यायी क्रमांकावर संदेश पाठवते, तो पोचतो दुकानातल्या मुलाकडे, आणि त्याने तोवर नोकरी बदललेली असते. तेव्हा घरात कुणाचाही नवा फोन आला असेल तर त्याच रात्री गुगल खात्याच्या सिक्युरिटी विभागात जावं, रिकव्हरीचा फोन आणि ईमेल स्वतःचा आहे ना ते बघावं, पासवर्ड बदलावा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करावं आणि ‘युअर डिव्हाइसेस’ या यादीत अनोळखी फोन असेल तर काढून टाकावा. आयफोनवाल्यांची खोड वेगळी. एकच ॲपल आयडी बाप-लेक दोघं वापरतात आणि मग एकाने केलेल्या कॉलची यादी दुसऱ्याच्या फोनमध्ये आपोआप उमटते. यात हेरगिरी कसलीच नाही, पण घरातली काही भांडणं इथूनच सुरू होतात.

मोबाईल कंपन्यांची स्वतःची ॲप ही तिसरी जागा. तिथे रिचार्जबरोबर कॉलचा तपशीलही दिसतो, किंवा दिलेल्या ईमेलवर मागवता येतो. आत शिरायला ओटीपी पुरतो. ओटीपी लॉक असलेल्या पडद्यावरही दिसत असेल, तर फोन चार्जिंगला लावून आंघोळीला गेलेल्या माणसाचा तपशील कुणीही दुसऱ्या फोनवर काढू शकतं. उपाय साधा आहे: लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशनचा मजकूर दिसणं बंद करावं, आणि कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन आपल्या नावापुढे कोणता ईमेल नोंदवलेला आहे ते पाहावं. अनोळखी ईमेल दिसला तर तो बदलावा आणि तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवावा. सिमला पिन लावता येतो, तोही लावावा. मात्र मूळ पिन ठाऊक नसताना अंदाजाने आकडे टाकू नयेत. तीन चुका झाल्या की पीयूके मागितला जातो, आणि तो दहा वेळा चुकला की सिम कायमचं निकामी होतं.

ओळख पटवण्याचं काम किती कमी माहितीवर चालतं, याचा धडा जगाला २००६ मध्ये ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने दिला. संचालक मंडळातली खबर बाहेर कोण देतं हे शोधायला कंपनीने खासगी तपासनीस नेमले. त्यांनी संचालकांच्या आणि पत्रकारांच्या फोन नोंदी मिळवल्या, त्या त्यांची नावं घेऊन, ‘मीच बोलतोय’ असं सांगून. एका संचालकाच्या बाबतीत त्याचा फोन क्रमांक आणि सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे शेवटचे चार आकडे एवढ्यावर काम झालं होतं. अध्यक्षा पॅट्रिशिया डन यांना पद सोडावं लागलं आणि अमेरिकन काँग्रेसने फोन नोंदी फसवून मिळवण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे आधारच्या झेरॉक्स लॉजवर, कुरिअरवाल्याकडे, सोसायटीच्या गेटवर पडून असतात. जिथे फक्त ओळख दाखवायची आहे तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्यावं. ते आधारच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. पूर्ण झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहावं: कशासाठी दिली, कुणाला दिली, तारीख. हे लिहिताना समोरचा तोंड वाकडं करतो. करू द्यावं.

कर्ज देणाऱ्या ॲपबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इथे माणूस स्वतःच किल्ली देतो. पाच-दहा हजारांसाठी ॲप उतरवलं की ते संपर्कयादी आणि कॉल लॉग मागायचं, हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन जायचे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये हे थेट बंद केलं. कर्जाच्या ॲपने फाइल्स, संपर्कयादी, कॉल लॉग यांना हात लावायचा नाही. केवायसीपुरता कॅमेरा, माइक किंवा लोकेशन एकदाच, तेही परवानगीने. म्हणजे आज एखादं ॲप कॉल लॉग मागत असेल, तर ते नियमातलं नाही एवढं त्या एका मागणीवरूनच कळतं. बाकीच्या ॲपसाठी सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत परमिशन मॅनेजर उघडावा आणि ‘कॉल लॉग’वर बोट ठेवावं. कोणाकोणाला परवानगी दिली आहे ती यादी समोर येते. टॉर्च, पंचांग, फोटो सुंदर करणारं ॲप तिथे दिसलं तर परवानगी लगेच काढावी. कॉल रेकॉर्ड करणारी ॲप तर असूच नयेत. त्यांचं रेकॉर्डिंग कोणत्या सर्व्हरवर जाऊन पडतं हे त्यांनाच ठाऊक.

दुरुस्तीला फोन देताना ‘पासवर्ड सांगून ठेवा’ असं हमखास म्हटलं जातं. स्क्रीन किंवा बॅटरी बदलायला पासवर्ड लागत नाही. टच चालतो का हे पाहायचं असेल तर ते ग्राहकासमोर, ग्राहकाने लॉक उघडून पाहावं. सॅमसंगच्या नव्या फोनमध्ये मेंटेनन्स मोड आणि गुगलच्या पिक्सेलमध्ये रिपेअर मोड आहे. तो चालू केला की कारागिराला फोन चालवता येतो, आतलं काही दिसत नाही. आणि बंद पडलेले फोन दारावर प्लास्टिकच्या टबाच्या बदल्यात देण्याची जी पद्धत गल्लोगल्ली आहे, ती बंद करावी. चालू न होणारा फोनही दुरुस्त होतो, आणि आतली माहिती बहुधा जशीच्या तशी असते.

आता नवरा-बायकोच्या आणि लग्न जुळवणाऱ्यांच्या गोष्टीकडे यायला हवं, कारण सीडीआरच्या काळ्या बाजाराचं मोठं गिऱ्हाईक तिथलंच. स्थळाची चौकशी आपल्याकडे पूर्वीपासून चालत आली आहे. मामा, आत्या, शेजारी हे काम करत. शहरात ते काम गुप्तहेराकडे गेलं. अशा संस्थांसाठी परवाना सक्तीचा करणारं विधेयक २००७ मध्ये संसदेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. चौकशी करणं गुन्हा नाही. मुलगा सांगतो त्या कंपनीत खरोखर नोकरीला आहे का, हे विचारावंच. मात्र गुप्तहेराने ‘मुलीचे सहा महिन्यांचे कॉल काढून देतो’ म्हटलं की तिथून उठावं. ते कायदेशीर मार्गाने त्याच्या हाती येण्याची सोयच नाही.

चोरून मिळवलेल्या तक्त्याचा न्यायालयात उपयोग होतो का, यावर न्यायालयांचे सूर सारखे नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे एका नवऱ्याने घटस्फोटाच्या खटल्यात बायकोचा सीडीआर आणला होता. तो त्याने तिच्या नकळत मिळवला होता. खासगीपणा मोडून मिळवलेला असा पुरावा चालणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं आणि लग्नातही नवरा-बायकोला एकमेकांपासून खासगीपणा आहे हे सांगितलं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्या प्रकरणात, जोडीदाराने गुपचूप ध्वनिमुद्रित केलेलं संभाषण घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून येऊ शकतं असा निकाल दिला. पुरावा चालला म्हणून तो मिळवण्याची रीत निर्दोष ठरत नाही, हा फरक नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयाच्या पायऱ्या चढणाऱ्यांनी वकिलाकडून नीट समजून घ्यावा. खटल्यासाठी खरोखर कॉलच्या नोंदी हव्या असतील तर न्यायालयाला अर्ज करून त्या मागवण्याची विनंती करता येते.

महाराष्ट्रातलंच एक जुनं प्रकरण इथे आठवतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या तक्रारींवर राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव न्यायनिर्णय अधिकारी म्हणून निकाल देतात. २०११ मध्ये त्यांच्यापुढे सासरे आणि नवऱ्याची तक्रार होती, की सुनेने त्यांचं ईमेल खातं परवानगीशिवाय उघडलं. तिने तिथली माहिती पोलिस आणि न्यायालयाखेरीज कुणाला दिली नव्हती. खातं उघडणं बेकायदा ठरलं, दंड झाला तो १०० रुपयांचा. अधिकाऱ्यांनी कायदाही सांभाळला आणि माणसंही, असं या निकालाबद्दल म्हणावंसं वाटतं. नुकसानभरपाई मागण्याची ही वाट आजही आहे, पण ती फार कमी लोकांना माहीत आहे.

२०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाची पर्वस्नानं आहेत. लाखो माणसं येणार, रस्त्यारस्त्यावर छत्री लावून सिम विकणारे बसणार, लॉजच्या वहीत, पार्किंगच्या पावतीवर, अन्नछत्राच्या नोंदणीत फोन क्रमांक मागितले जाणार. सिम विकणाऱ्याची नोंदणी कंपनीकडे असणं डिसेंबर २०२३ पासून सक्तीचं आहे. छत्रीखालून सिम घेताना एकदा अंगठा लावल्यावर ‘नीट आलं नाही, परत लावा’ असं म्हटलं गेलं, तर सावध व्हावं. दुसऱ्या अंगठ्यावर दुसरं सिम निघू शकतं आणि ते कुणा भामट्याच्या फोनमध्ये बसतं. मग त्या सिमवरून झालेले कॉल तुमच्या नावावर नोंदले जातात. तपासात टॉवरखालचे सगळे क्रमांक काढले जातात तेव्हा पहिली नोटीसही तुम्हालाच येते.

असं सिम आपल्या नावावर आहे का, हे पाहायला दूरसंचार विभागाचं ‘संचार साथी’ हे संकेतस्थळ आहे. मे २०२३ मध्ये ते सुरू झालं. आपला क्रमांक आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावरचे सगळे क्रमांक, अर्धे झाकलेले, समोर येतात. एका माणसाला महाराष्ट्रात नऊ सिमपर्यंत मुभा आहे. जो क्रमांक आपला नाही त्यावर ‘नॉट माय नंबर’ नोंदवावं. चोरीला गेलेला हँडसेट बंद करण्याची सोयही तिथेच आहे. याच नावाचं ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालून द्यावं असा आदेश सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये काढला होता. पाळतीच्या शंकेवरून ओरड झाली आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तो मागे घेतला गेला. ज्यांना ॲप नको त्यांनी ब्राउझरमधून संकेतस्थळ वापरावं, काम तेच होतं.

नोंदी बाहेर गेल्याचा संशय आला तर काय करावं? अचानक फोनची रेंज जाऊन तासभर ‘नो सर्व्हिस’ दिसत असेल, तर आपल्या क्रमांकाचं डुप्लिकेट सिम निघालं असण्याची शक्यता धरून दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला लगेच कळवावं. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवावं. कुणी आपण केव्हा कुणाशी बोललो हे बोलून दाखवत असेल, तर आधी सांगितलेल्या जागा क्रमाने तपासाव्यात: सिमचं नाव, जीमेलची डिव्हाइस यादी, कंपनीच्या ॲपमधला ईमेल, व्हॉट्सॲपची ‘लिंक्ड डिव्हाइसेस’, आणि सेटिंग्जमधलं कॉल फॉरवर्डिंग. बदल करण्याआधी प्रत्येक ठिकाणचा स्क्रीनशॉट काढावा. उलट क्रमाने गेलं तर रागाच्या भरात पुरावाच पुसला जातो.

त्यानंतर कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तोंडी नको. ‘माझ्या क्रमांकाचा तपशील अमुक तारखेदरम्यान कुणी मागितला, कोणत्या ईमेलवर गेला, सिम बदललं गेलं का’ असे नेमके प्रश्न विचारावेत आणि तक्रार क्रमांक घ्यावा. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. सोबत सायबर पोलिस ठाण्यात तक्रार द्यावी. नाशिक शहर आणि नाशिक ग्रामीण यांची व्यवस्था वेगवेगळी आहे, पण ‘आमच्या हद्दीत येत नाही’ एवढ्या कारणावर परत पाठवता येत नाही. गुन्हा कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो. बाईच्या फोनवर, ईमेलवर कुणी पाळत ठेवत असेल तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे, पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंत कैद. तक्रार अर्जात हे कलम नावानिशी लिहावं. घरातल्याच माणसाची भीती असेल तर अर्ज टाइप करायला, ईमेल पाठवायला आणि ११२ किंवा महिला हेल्पलाइन १८१ ला फोन लावायला तो फोन वापरू नये. मैत्रिणीचा, शेजारणीचा वापरावा, कारण हे कॉलही त्याच तक्त्यात चढतात.